उंदरांच्या हिशेबात न बसणारे मांजर



स्मृतिव्याख्यानाला घरातल्या मांजराचा विषय, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. पण हा विषय मी विचारपूर्वक निवडला आहे, आणि तो याच परिसराचा आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, जवळच आपण 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतो ते बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे, आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही तिथेच आहे. माणसाचा रोग आणि जनावराचा रोग यांचा एकत्र विचार इथे शतकाहून अधिक काळ चालला. तरीही मांजराबाबत या शहराने एकच प्रश्न विचारला: ते उंदीर मारते का? उत्तर 'हो' वाटले तेव्हा मांजराला दूध मिळाले, 'नाही' वाटले तेव्हा त्याला पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडले गेले. माझे म्हणणे असे की हा प्रश्नच अपुरा आहे. उंदरांच्या हिशेबात मांजर नापास होते, आणि तरीही माणसाजवळ राहण्याचे त्याचे कारण खरे व जुने आहे. ते कारण नीट ओळखले, तर मांजरासाठी शहराने काय करायचे हेही स्पष्ट होते.

प्रश्न जिथे सर्वांत गंभीरपणे विचारला गेला तिथून सुरुवात करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लसशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःची लस स्वतःलाच टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते, पण वैद्यकविश्वाने ते चटकन मानले नाही. १९०३ साली राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर संशोधक लिस्टन यांना उंदरांच्या पिसवा सापडल्या. पुढे प्लेग कमिशनने मुंबईत शिस्तीने प्रयोग केले. पिसू चारेक इंचांहून उंच उडी मारू शकत नाही, म्हणून जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातली जनावरे वाचली, जमिनीलगतची आजारी पडली. एकदा उंदीर आणि पिसू हे दोन दुवे हाती आल्यावर पुढचा विचार कोणालाही सुचावा असाच होता: मग मांजर पाळा.

तो विचार सर्वांत निष्ठेने मांडला गेला तो आपल्याच वऱ्हाडात. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची आणि प्लेगची तुलना केली. जिथे घरांच्या मानाने मांजरे भरपूर होती तिथे प्लेग फिरकला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि १९०८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून त्यांनी तो जोरकसपणे मांडला. रॉबर्ट कॉख यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही मांजराच्या बाजूने कौल दिला आणि जपानमध्ये त्यावर अंमल सुरू झाला. ब्यूकॅनन यांच्याबद्दल मला आदर वाटतो. १८९७ साली पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली घरझडत्यांनी लोक त्रासले होते. घरे रिकामी करणे, सामान जाळणे, रोग्याला ओढून नेणे अशा उपायांच्या काळात 'मांजर पाळा' या उपायाने कोणाच्या माजघरात शिपाई घुसत नव्हता. उपाय स्वस्त होता, माणुसकीचा होता, आणि लोकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर उभा होता.

पण आदर वेगळा आणि पुरावा वेगळा. ज्या गावात मांजरे भरपूर आणि प्लेग नाही, ते गाव इतरही अनेक बाबतींत वेगळे असू शकते. प्लेग धान्याच्या गाड्यांबरोबर, बाजाराच्या वाटेने प्रवास करत होता. आडवाटेच्या गावात तो पोचलाच नसेल, तर त्याचे श्रेय मांजराला कसे द्यायचे? दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. प्लेगने मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू गार पडत चाललेले शरीर सोडते आणि नवे ऊबदार शरीर शोधते. असा उंदीर तोंडात धरून मांजर घरात आले, तर ते पिसवाच घरात आणते. तिसरी गोष्ट तेव्हा फारशी लक्षात आली नव्हती: मांजराला स्वतःलाच प्लेग होतो, आणि जोराचा होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात रानटी उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये प्लेग अजून टिकून आहे. तिथे १९७७ ते १९९८ या काळात मांजरांमुळे माणसांना प्लेग झाल्याच्या २३ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांतली ५ माणसे दगावली. फुप्फुसांचा प्लेग झालेले मांजर खोकते तेव्हा मध्ये पिसूचीही गरज उरत नाही. ज्याला पहारेकरी नेमायचे ठरले होते तेच रोगाचे वाहक होऊ शकत होते.

मग मुंबईतला प्लेग ओसरला कशाने? अनेक कारणे एकत्र आली. कमिशनच्या प्रयोगांत मुंबईचे उंदीर मद्रासच्या उंदरांपेक्षा प्लेगला कितीतरी अधिक पुरून उरत होते. वर्षानुवर्षांच्या साथींत नाजूक उंदीर मरून गेले होते आणि चिवट वंश उरला होता. त्याचबरोबर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रस्ते काढले, बीआयटी चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनीतले रुंद रस्ते आणि मोकळी हवा ही प्लेगच्या भीतीतून आलेली आहे, हे तिथून जाताना आठवायला हरकत नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा गाठीचा प्लेग दिसला. तेव्हाही आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतले धान्य आणि त्यावर माजलेले उंदीर हेच कारण पुढे आले. उंदीर धान्यामागे येतो. धान्य आणि कचरा बंदिस्त केला तर उंदीर कमी होतो. एवढे सोपे सत्य मांजराच्या गळ्यात बांधून आपण मोकळे झालो होतो.

यावर कोणी म्हणेल, प्लेगचे सोडा, पण उंदीर तर मांजर मारतेच ना? डोळ्यांनी पाहतो की! पाहतो ते खरे, पण काय पाहतो ते तपासले पाहिजे. बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात जेम्स चाइल्ड्स यांनी गल्लीतल्या मांजरांची शिकार तपासली. मांजरे बहुतेक लहान, साधारण दोनशे ग्रॅमच्या आतले उंदीर मारत होती. पूर्ण वाढलेल्या मोठ्या उंदराला आणि मांजराला एकाच कचऱ्याच्या ढिगावर शेजारी शेजारी खाताना पाहिले गेले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका कचरा-प्रक्रिया केंद्रात मायकेल पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या वसाहतीवर कॅमेरे लावले. ७९ दिवसांत मांजरांनी पाठलागाचे प्रयत्न केले, पण उंदीर मारले फक्त दोन. उंदीर मात्र अधिक सावध झाले आणि लपून राहू लागले. लोकांना उंदीर दिसेनासे झाले की मांजराने ते संपवले असे वाटते. प्रत्यक्षात ते फक्त नजरेआड झालेले असतात. आता हे मुंबईला लावून पाहा. प्लेगच्या काळात इथल्या घरांत काळा उंदीर आणि गटारांत मोठा तपकिरी उंदीर होता. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घूस बळावली. घुशीशी झुंज घ्यायला शहाणे मांजर जात नाही. म्हणूनच महानगरपालिकेला हातात बॅटरी आणि काठी घेतलेले मूषक संहारक रात्री गल्ल्यांमध्ये पाठवावे लागतात, आणि त्यांना रात्रीला ३० उंदरांचे उद्दिष्ट असते. हे काम मांजरे करत असती, तर त्या माणसांना ते करावे लागले नसते.

घरातल्या चिचुंद्र्या, झुरळे, उंदरांची पिल्ले यांवर मांजराचा धाक असतो, आणि मांजराच्या वासाने लहान उंदीर स्वयंपाकघर टाळतात. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण एवढ्या तुटपुंज्या चाकरीवर दहा हजार वर्षांचे नाते उभे राहत नाही. ते कशावर उभे आहे?

आनुवंशिकीचा पुरावा असा की जगातली सर्व घरगुती मांजरे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका रानमांजराच्या वंशातली आहेत. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले होते. बेटावर मांजर मुळात नव्हते, म्हणजे कोणीतरी ते होडीतून नेले होते. मला याहून बोलका वाटतो तो चीनमधला पुरावा. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकरी वस्तीत धान्य होते, उंदीर होते आणि उंदीर खाणारी मांजरेही होती. हाडे तपासल्यावर ती निघाली वेगळ्याच जातीची, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली आशियाई रानमांजरे. उंदीर मारण्याचे काम त्यांनी केले आणि तरीही ती पाळीव झाली नाहीत. आपल्याकडेही तेच. सह्याद्रीत वाघाटी आहे, शेताच्या बांधावर रानमांजर आहे, दोन्ही उत्तम शिकारी. पण आपल्या ओटीवर झोपलेले मांजर त्यांच्यापैकी कोणाचेच नाही. म्हणजे नाते जुळायला उंदीर पुरे पडत नाहीत. माणसाचा सहवास सोसण्याचा, त्याच्या उष्ट्यावर आणि उबेवर राहण्याचा स्वभाव लागतो, आणि तो एकाच वंशात टिकला. कुत्र्याला माणसाने घडवले. मांजराने बऱ्याच अंशी स्वतःच माणसाची वस्ती निवडली, आणि मग आपल्या जहाजांतून ते जगभर गेले. नील टॉड यांनी तर बंदराबंदरांतल्या मांजरांचे रंग मोजून व्यापाराच्या जुन्या वाटा शोधण्याचा प्रयत्न केला. भगवा रंग देणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणून काळा आणि भगवा दोन्ही रंग अंगावर वागवणारे तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते. तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निजलेले असते, आणि कुठल्या ठिकाणी कुठले निजले याचा नकाशा तिच्या कातडीवर उघडा दिसतो. १९६१ साली मेरी लायन यांनी मांडलेला हा सिद्धांत भाऊच्या धक्क्यावरच्या कुठल्याही तिरंगी मांजरीच्या पाठीवर पाहता येतो.

भाऊच्या धक्क्याचा आणि ससून डॉकचा उल्लेख आला, तर मासळीबद्दल बोललेच पाहिजे. वाळवंटी पूर्वजांच्या या वंशाला मासळीचे एवढे वेड का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजराच्या जिभेवरचे मांसल, रसरशीत चवीचे ग्राहक तपासले गेले, आणि ते कुप्यासारख्या म्हणजे ट्यूनासारख्या माशातल्या द्रव्यांच्या मिश्रणाला विशेष जोरात प्रतिसाद देतात असे दिसले. उलट गोडाची चव मांजराला कळतच नाही. ती ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक सबंध मार्जारकुळात मोडलेले आहे, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवले. मांजर बासुंदी चाटते ती स्निग्धतेसाठी. साखरेचा त्याला पत्ता नसतो. ही नुसती गंमत राहत नाही, कारण इथे गिरगाव-दादरच्या अनेक शाकाहारी घरांचा प्रश्न येतो. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते आहारातूनच, मांस-मासळीतून किंवा वरून घालून, यावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले, आणि हृदय सैल होऊन निकामी होते, हे १९८७ मध्ये. शिवाय मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. नुसत्या दूधभातावर ठेवलेले मांजर प्रेमाने वाढवले तरी आतून झिजत जाते. आपल्या घरात मांस येत नाही, म्हणून मांजराने शाकाहारी व्हावे, ही अपेक्षा त्याच्या शरीराला पेलत नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी टॉरिन घातलेले तयार खाद्य द्यावे किंवा मांजर पाळू नये. दोन्ही मार्ग मला सन्मानाचे वाटतात.

मांजर मतलबी असते, या आक्षेपाकडे वळतो. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला लोमश नावाच्या मांजराची आणि पलित नावाच्या उंदराची गोष्ट सांगतात. जाळ्यात अडकलेल्या मांजराशी उंदीर करार करतो, शेवटचा पाश पारधी समोर दिसल्यावरच कुरतडतो, आणि संकट टळल्यावर मांजराने दिलेला मैत्रीचा हात नाकारतो: गरज संपली, आता तू तू आणि मी मी. मांजर आणि माणूस यांचे नातेही असेच, असे आपण गृहीत धरतो. पुरावा वेगळे सांगतो. मोठी झालेली मांजरे आपापसांत क्वचितच 'म्याँव' करतात. तो आवाज पिल्लू आईसाठी काढते, आणि मोठेपणी ते प्रामुख्याने माणसासाठी राखून ठेवते. २००९ मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासात असे दिसले की खाणे मागताना काही मांजरे गुरगुरण्यात एक उंच, रडवेला सूर मिसळतात, आणि तो माणसाला दुर्लक्षिता येत नाही. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये दाखवले की मांजराला मालकाचा आवाज ओळखता येतो, आणि २०१९ मध्ये दाखवले की त्याला स्वतःचे नाव तशाच इतर शब्दांतून वेगळे काढता येते. ओळखल्यावर उठून यायचे की नाही, हे मात्र ते ठरवते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्य विद्यापीठात पिल्लांना अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटे ठेवून माणूस परत आल्यावरचे वागणे पाहिले. सुमारे ६४ टक्के पिल्ले माणसाला पाहून स्थिरावली आणि निर्धास्तपणे खोली हिंडू लागली. माणसाच्या तान्ह्या मुलांमध्ये हेच प्रमाण जवळपास ६५ टक्के आढळते. अशा प्राण्याला मतलबी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला आज्ञाधारकपणा नाही, एवढेच म्हणता येते, आणि आज्ञाधारकपणा म्हणजे प्रेम नव्हे.

दुसरे दोन आक्षेप अधिक वजनदार आहेत. पहिला पक्ष्यांचा. अमेरिकेत मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ मधला अंदाज आहे, आणि त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे. दुसरा रोगांचा. मांजर चावले तर रेबीजचा धोका असतो. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस घ्यायलाच हवी. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे लैंगिक चक्र फक्त मार्जारकुळात पूर्ण होते आणि गर्भवतीला त्यापासून जपावे लागते. पण मांजराच्या विष्ठेतली त्याची बीजे संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. रोज घाण काढली, ते काम गर्भवतीला सोडून दुसऱ्याने केले, आणि मांस नीट शिजवून, भाजी धुऊन खाल्ली, तर घरातले मांजर घालवून द्यायची गरज नसते. हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत, आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे: शहरात बेवारस मांजरांची संख्या कमी असावी आणि जी आहेत ती लसीकरण झालेली असावीत. मांजरे पकडून दूर सोडल्याने हे होत नाही. जिथे अन्न उरते तिथे नवी मांजरे येतात आणि मादी वर्षातून एकाहून अधिक वेळा विते. गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा आणि पिल्लू अर्ध्या वर्षाच्या आत स्वतः विण्यायोग्य होते. त्यामुळे नसबंदीशिवाय नुसते खाऊ घालणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात भिजून मरणाऱ्या पिल्लांची संख्या वाढवणे.

गिरणगावाच्या बदलत्या रूपाने आणखी एक प्रश्न आणला आहे. गिरण्यांच्या जागी लालबाग-परळला मनोरे उभे राहिले आणि चाळीच्या ओट्यावरचे मांजर विसाव्या मजल्यावर गेले. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, हा समज आता धोक्याचा आहे. हवेत वळण्याची त्याची किमया खरी आहे. एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये ती छायाचित्रांच्या मालिकेने टिपली. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात आणलेल्या १३२ मांजरांच्या १९८७ मधल्या अभ्यासात नव्वद टक्के वाचली, आणि सातव्या मजल्यावरून अधिक उंचीवर जखमा उलट कमी झाल्यासारख्या दिसल्या. त्यावरून मोठा गैरसमज पसरला. पण जी जागीच मेली ती रुग्णालयात आलीच नव्हती. पुढे झाग्रेबमधल्या ११९ मांजरांच्या अभ्यासात सातव्या मजल्यापासून वर छातीच्या जखमा अधिक गंभीर निघाल्या. मुंबईच्या खिडकीच्या गजांमधून मांजर सहज निघते. बारीक जाळी बसवणे हाच उपाय.

म्हणून मागणी करतो ती स्पष्ट आहे. महानगरपालिकेने सुरू केलेले मांजरांच्या नसबंदीचे काम प्रत्येक प्रभागात नियमित व्हावे, आणि उंदरांचा बंदोबस्त कचरा व गटारांच्या कामात मोजला जावा, मांजरांच्या संख्येत नाही. मासळीबाजारात उरलेली डोकी-आतडी झाकलेल्या पेटीत जावीत. आणि आपल्यापैकी जे कोणी जिन्यावरच्या मांजरीला रोज वाटीभर खाऊ घालतात, त्यांनी या महिन्यात तिची नसबंदी आणि रेबीजची लस यांची व्यवस्था करावी, मग वाटी पुढे करावी.